टीप

रात्रीचे साडेदहा झाले तरी स्ट्रॉमनेसच्या खिडकीत उजेड.
जूनमध्ये इथे अंधार नीटसा येतच नाही,
लपायचं असेल तर डिसेंबरची वाट पाहावी.
वर मिसेस इसबिस्टरची घंटा वाजली, थांबली.
म्हणजे खिन सांडार पोहोचली.

मी खाली ऑफिसात,
चष्मा कपाळावर, चहा गार,
तिच्या स्पॉन्सरशिपच्या नोंदीसमोर.

नाव खिन सांडार थ्वे.
आडनाव थ्वे.
तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आमच्यात आडनाव नसतं,
आईचं नाव तिचं, बाबांचं त्यांचं,
ज्याचं नाव त्यानंच सांभाळायचं.
पण रकाना रिकामा सोडला की पान पुढे सरकत नाही,
म्हणून मी तिच्या नावाचा शेवटचा तुकडा मोडला
आणि चौकटीत बसवला.
ह्याला कुणी चूक म्हणत नाही.

चूक म्हणतात ती ही:
तीन नोव्हेंबरचा जन्म, मी लिहिला अकरा मार्च.
साडेसदतीस तासांचा आठवडा, मी लिहिला
पस्तीस पॉइंट सात.
कुणी मुद्दाम केलेला हा ध चा मा नव्हे,
माझ्याच बोटांची घाई.
अकरा मार्चला आम्ही केक कापला तिच्यासाठी.
तिनं मेणबत्त्या विझवल्या, सगळ्यांना तुकडा दिला, मग भांडी घासली.
परवा विचारलं तर म्हणाली,
वाटलं, इथे कागदावर असतं तोच वाढदिवस धरत असतील.

इथे खोडता येत नाही.
हंसपद देऊन दोन ओळींच्या मध्ये
राहिलेला शब्द चढवायलाही जागा नाही.
चूक होती तिथेच राहते, जन्मभर,
आपण तिच्याखाली टीप जोडायची.

मी जोडली.
तारीख टाइप करताना चुकली, पासपोर्टवरची खरी.
तासांचे आकडे उलटे पडले, पगार पूर्ण तासांचाच दिला.
चूक आमची, कर्मचाऱ्याची नाही.
हे शेवटचं कुणी मागितलं नव्हतं.

मग खाली, कामाचं ठिकाण.
पत्ता एकच, ह्याच घराचा.
आणि ऑक्टोबरपासून दर मंगळवारी, गुरुवारी
ती सकाळच्या बोटीनं हॉयला जाते,
आमच्या दुसऱ्या घरी, चार म्हाताऱ्यांकडे,
कारण मार्गारेटचा गुडघा गेला
आणि मी म्हटलं होतं, थोडेच दिवस.
कळवायला दहा दिवस देतात, तेही कामाचे, सुट्ट्या सोडून.
आठ महिने झाले.

मी लिहिलं: टाइप करताना राहून गेलं.
वाचून पाहिलं.
वाक्य छान बसलं होतं,
वरच्या दोन टिपांच्या रांगेत तिसरं,
त्यांच्यासारखाच चेहरा करून.

जिना वाजला.
खिन सांडार दारात, हातात पाण्याचा रिकामा जग.
मिसेस इसबिस्टर विचारतायत, आज वार कोणता.
बुधवार, मी म्हटलं.
म्हणजे उद्या बोट, ती म्हणाली,
आणि स्वयंपाकघरात जाऊन
उद्याचा डबा भरू लागली. झाकणाचा टक्क आवाज.

पाठवायच्या आधी मात्र खोडता येतं.
मी ओळ पुसली.
लिहिलं: तिला तिकडे मी पाठवलं. कळवलं नाही.
कळवायचं असतं हे मला माहीत होतं,
तिला नव्हतं.
चौकटीत अजून पुष्कळ अक्षरांची जागा उरली होती.
तिथे मार्गारेटचा गुडघा लिहावासा वाटला,
हिवाळा, माणसं मिळत नाहीत, बोटी रद्द होतात,
सगळं खरं.
नाही लिहिलं.

बटण दाबलं. पडद्यानं एक नंबर दिला, बाकी काही नाही.
परवाना राहतो की जातो ते पुढे कळेल,
आणि गेला तर तिचं काय, हे ह्या पानावर कुठेच विचारलेलं नाही.

खिन सांडार, मी हाक मारली,
डबा राहू दे. बस जरा. तुला काही सांगायचंय.
ती पदराला, म्हणजे एप्रनला, हात पुसत आली.
उद्या बोटीवर मीच जाईन.
सव्वासातची ना?
पावणेसात, ती म्हणाली.