तीसपर्यंत मोजा

शुक्रवार, दुपारचे चार. मस्कतला अडीच.
शौनक तिथे पेटी उघडून बसला असेल,
डावा हात भात्यावर,
आणि इथे दिवाडीत माझ्या कपाटावर
राउटरचा चौथा दिवा लाल.

पहिले तीन हिरवे. म्हणजे घरात सगळं ठीक.
फोनवर वायफायच्या कमानीही भरलेल्या,
फक्त खाली बारीक अक्षरांत : इंटरनेट नाही.
पाट मांडलेत, पाणी ठेवलंय,
आणि चुलीवर काहीच नाही, तसं.

हेल्पलाइनवरची मुलगी इंदूरकडची असावी.
‘बंद कीजिए, तीस तक गिनिए, फिर चालू.’
मला सोळाच्या पुढे सरळ मोजता येत नाही,
हात आपोआप समेवर येतो.
म्हणून एक तीनताल पूर्ण घेतला,
दुसऱ्यात चौदाव्या मात्रेवर थांबले.
दोन मात्रा हातातच राहिल्या.
बटण दाबलं. दिवे एकेक करून उठले.
चौथा लाल.

‘पिवळी वायर काढून परत लावा,
पण तिच्या टोकात बघू नका.’
त्या केसाएवढ्या काचेतून म्हणे उजेड येतो.
दिसत नाही, तरी डोळ्यांना वाईट.
मी तोंड फिरवून वायर लावली,
कुणाचं तरी खाजगी पत्र पाकिटात घालावं तशी.
लाल.

मिंगेल रायबंदरच्या धक्क्यावर.
‘फेरी सुटली बाय. दुसरे फेरयेन येतां.
तोमेरेन वायर खंय वता ती पळय.’

तेरा वर्षं शिकवते,
वायर कुठे जाते ते कधी पाहिलं नव्हतं.
खिडकीच्या गजातून, पेरूला वळसा घालून,
गडग्यावरून पलीकडे पेर्पेतच्या अंगणात,
आणि नीरफणस ते विजेचा खांब, या मधल्या टप्प्यात
तिच्यावर टाकलेली
एक भली मोठी ओली वाकळ.

‘म्हाका दिसलें दोरी.’
काळी, ताणलेली, भर उन्हात.
मलाही दोरीच वाटली असती.
नातवाने रात्री भिजवलेली, सहा लुगड्यांची जाडी,
अर्धी विहीर प्यायलेली.
एवढं ओझं आलं की वायर वाकते,
वाकली की आतला उजेड बाहेर सांडतो,
हे मिंगेलने नंतर सांगितलं.
मला तेव्हा नुसता शब्द ऐकू आला : वाकळ.

दोघींनी दोन टोकं धरली.
आधी दोघी एकाच दिशेने फिरवत राहिलो,
वाकळ नुसती गोल फिरली, पाणी गळेना.
‘तूं तशी, हांव अशी,’ पेर्पेत ओरडली,
मग धो धो.
माझी साडी गुडघ्यापर्यंत गेली.

घरात आले तर चौथा हिरवा.
पडद्यावर शौनकचं कपाळ, मग शौनक.
‘टीचर, मी तोवर वाजवत होतो.’
पाऊण तास त्याने एकट्याने भीमपलास वाजवला होता,
शुद्ध गंधार लावून.
वाजवून दाखवला. वाईट नव्हता,
भीमपलास मात्र नव्हता.

आमच्यात नेहमीच अर्ध्या मात्रेचं अंतर असतं.
एवढ्या वर्षांत एकदाही सोबत वाजवलेलं नाही.
मी वाजवते, थांबते, मग तो.
‘गंधार कोमल,’ म्हटलं, ‘पुन्हा घे.’
आणि उरलेल्या दोन मात्रा मनात मोजल्या.
पंधरा. सोळा.
त्याचा सा उशिरानेच आला.
माझ्या पांढऱ्या पट्ट्यांवर वाकळीचं पाणी.

साडेपाचला मिंगेल आला
आणि हिरवा दिवा बघून त्याचं तोंड उतरलं.
तरी गडग्यापर्यंत जाऊन त्याने वाकळ पाहिली,
तिच्या कडेची टीप बोटाने चाचपली.
मग फोन काढून तक्रार बंद करायला बसला.
कारणांच्या यादीत चारच पर्याय होते :
केबल, यंत्र, वीज, हवामान.
बराच वेळ त्याने विचार केला,
एक पेला पाणी प्यायला,
आणि हवामान निवडलं.