दुसऱ्या महिन्याची काच

लवू कुबल आणि रोझलिन फर्नांडिस
एकाच आठवड्यात खोकत आले आमच्या केंद्रावर.
वजन जवळपास सारखं, गोळ्या त्याच,
दोघांची लघवी केशरी झाली
आणि दोघंही तितकीच घाबरली.

दुसरा महिना संपता संपता
रोझलिनची काच निळीशार.
शंभर क्षेत्रं मोजली, काही नाही.
लवूच्या काचेवर अजून लाल काड्या,
कुणाच्या हातून काडेपेटी सांडावी तशा.

गोळी चुकवलीस का, मी विचारलं.
त्याने रिकामी पाकिटं टेबलावर मांडली
एकेक, जाळ्याच्या गाठी तपासाव्यात तशी.

पुण्याहून अभ्यासाला आलेली मुलगी
थुंकीबरोबर शौचाचीही डबी मागते.
लवू हसला. "खोकलो वरचो, आनी डबी खालची?"
ती सांगत राहिली:
आतड्यात वस्ती असते, श्वासनळीतही,
डोळ्यांना न दिसणारी, बरीचशी आपल्याच बाजूची.
औषध सगळ्यांनाच ओळखून सोडत नाही.
वस्ती उठली की कदाचित
शरीराची साथ कमी पडते औषधाला.
कदाचित, ती दोनदा म्हणाली.

मला तिचं ते कदाचित आवडलं.

लवू खिडकीबाहेर बघत होता.
इथून तळाशीलची वाळू बोटाएवढी दिसते,
अलीकडे खाडी, पलीकडे दर्या.
"म्हंजे पर्ससीन," तो म्हणाला.
"बांगडो व्हयो म्हणान टाकतत
आनी पिल्लांसकट सगळा वरबाडून नेतत.
मगे आमी रापण ओढूची दिवसभर. हाताक काय? शेवाळ."
मग खोकला आला. तो थांबेपर्यंत आम्ही थांबलो.
"खाडयेत पिल्लां वाढली नाय
तर दर्यात मासो येतलो खंयसून?"

मुलीने ते वहीत उतरवलं,
रापण म्हणजे काय ते मला हळूच विचारलं.

दारात वळून लवू म्हणाला,
उकड्या तांदळाची पेज, रात्रीची, जराशी आंबलेली,
खाऊ की नको?
माझ्या तक्त्यात अंडी आहेत, शेंगदाणे आहेत.
पेजेबद्दल कुणी काही लिहिलेलं नाही.
गोळ्या सोडू नकोस,
एवढंच मी ठामपणे सांगू शकले.

दोन डब्या बर्फात ठेवल्या.
नाव एक, गाव एक, दोन वेगळे वास.
कणकवलीची एसटी सव्वातीनला,
आणि कंडक्टर नेहमीसारखा विचारणार,
बाई, ह्यात म्हावरा काय?