सहाशे डीपीआय

जुन्या बाजारात, नटबोल्टांच्या ढिगाशेजारी.
त्याने दीडशे सांगितले, मग उघडून बघत म्हणाला,
चिनी दिसतंय, शंभर द्या.
मी दीडशेच दिले.

आत त्र्याऐंशी सालचं आभाळ,
तोक्योत कुणी पोस्टर कलरनं रंगवलेलं.
पडद्यावर चार सेकंद दिसलं असेल.

आभाळाचा बोटभर पट्टा शिवणीत गेलेला.
नारायण पेठेतले बाइंडर घोटवडेकर म्हणाले,
पाठ सोडवावी लागेल.
मग परत पहिल्यासारखं होईल?
त्यांनी चष्मा पुसला.

आता सुटी पानं. एकेक काचेवर पालथं.
दिवा सरकतो तेवढा वेळ मी टेबलाला हात लावत नाही.
गुरुवारी वीज गेली तेव्हा
अर्धाच ढग आला होता.

रात्री बुरशीचे ठिपके पुसते, एकेक,
कागद पांढरा होईतो.

अठ्ठेचाळिसाव्या पानाच्या कोपऱ्यात
कुणाची तरी पेन्सिल, देवनागरीत:
युउयाके = संध्याकाळ.
ते खोडून, संधिप्रकाश.
तेही खोडून, खाली बारीक,
तिन्हीसांजेचं तांबडं.

रंग उजळताना
ती पेन्सिल आपोआप उडाली.

पान पुन्हा काचेवर ठेवलं.