पाणी तिकडचं

पाच ट्रे, रात्रभर घुर्रर्र.
व्हाइटहॉर्सच्या स्वयंपाकघरात
लोर्ना वाळवतेय बीट, टोमॅटो,
शिजवलेला भात, मूसचा खिमा.
सकाळी तो डब्यात खडीसारखा वाजतो.

लेक निघालीय. होडीतून, एकटी,
एकवीस दिवस.

चौदा किलोचं झालंय तीन.
लोर्ना पुन्हा काट्यावर ठेवून बघते,
विश्वास बसत नाही म्हणून नव्हे.

उरलेले अकरा किलो
इथेच आहेत,
खिडकीच्या काचेवर, कपाटामागच्या भिंतीवर,
तिच्या चष्म्यावर.

पाकिटावर ती लिहिते:
दिवस एकोणिसावा. बीट.
खाली, बारीक अक्षरात:
पाणी नदीचं घाल, उकळून.
वीस मिनिटं झाकून ठेव.
मधेच उघडून बघशील,
ओळखते मी तुला.