तोंडात मावेल ते

कुर्ल्याच्या बाजारात अन्सारभाई म्हणाले,
"एकच कायदा लक्षात ठेवा, मॅडम.
माशाच्या तोंडात मावेल ते खाणं,
नाही मावलं तर शेजारी."
आणि पिशवीच्या गळ्याला रबर आवळून
दहा कोळंब्या दिल्या, लालसर,
एकेक दोन तांदळांएवढी.

घरी आई बोंबील साफ करत बसलेली.
तिनं पिशवी ट्यूबलाइटकडे धरली.
अर्धा जन्म भाऊच्या धक्क्यावर गेलेली बाई,
करंदी, सोडे, अंबाड, जवळा
अंधारात नुसत्या बोटांना कळणारी.
"केवढ्याला?"
"तीनशे."
"वाटा?"
"नाही. दहा नग."
आई काही बोलली नाही.
पुढच्या बोंबलाचं डोकं मात्र
जरा जास्तच लांब उडालं.

मी बादलीतलं पाणी रात्रभर उघडं ठेवते,
क्लोरीन उडून जायला.
साबणाचा हात कोपरापर्यंत धुते, मगच बुडवते.
वर आठ रासबोरा, शेवटपर्यंत घाईत.
मधे गप्पी, नुसत्या शेपट्या मिरवत.
तळाला या,
शेवाळात, उपड्या घातलेल्या पणतीखाली,
मिशांनी सगळं तपासत,
सतत काहीतरी निवडत,
कुणी न सांगता.

रोज रात्री मोजते.
सात. कधी आठ.
एकदा अकरा झाल्या;
त्यातल्या दोन नुसत्या काती निघाल्या,
मिशांसकट, डोळ्यांच्या जागेसकट,
आत कुणीच नाही.

मग चैत्रात भांडुपकडे मोठी पाइपलाइन फुटली,
कन्नमवार नगरात दोन दिवस नळ कोरडे.
टाकीतलं पाणी चार बोटं उतरलं.
मी कामावर.
आईला बघवलं नाही.
तिनं देवापुढची तांब्याची कळशी उचलली
आणि घरातलं सगळ्यात चांगलं पाणी
त्यांना घातलं.

तांबं आपल्याला मानवतं. यांना नाही.
मला हे माहीत होतं
आणि मी कधी तिला सांगितलं नव्हतं.

सकाळी चार, कुशीवर, दुधी पडलेल्या.
रासबोरा वर तशाच घाईत.
आईनं एकेक उचलून तळहातावर घेतली.
"बारीक आहेत," म्हणाली,
बाजारात म्हणते तसंच,
फक्त पुढे भाव सांगितला नाही.

त्यानंतर कळशी कपाटावर गेली.
संध्याकाळची मालिका संपली की
आई स्टूल ओढून काचेला नाक लावते.
परवा तिथूनच ओरडली,
"अगं ये, हिच्या पोटाखाली गाभोळी हाय!"
होती. हिरवट, मोजून वीसेक अंडी,
आणि ती पायांनी त्यांना वारा घालत होती.
मी वर्षभर बघतेय,
मला दिसलं नसतं.

आता पिल्लं.
स्वल्पविरामाएवढी, जेमतेम शाई लागलेली.
रासबोराच्या तोंडात मावणारी.
शेवाळ वाढवलंय. बाकी कायदा अन्सारभाईंचा.
काही जातात. कुठली, ते कळत नाही.

आज रविवार, कोळंबी भात.
मी टाकीकडे पाठ करून जेवते.
आई समोर बसून,
डोकी चोखत, निवांत,
एक डोळा शेवाळावर.
"किती झाल्या?"
"बारा," मी सांगते,
"एखादी कात असेल."
"परत मोज," ती म्हणते,
आणि माझ्या ताटात अजून दोन वाढते.