विरळणी

विरळणीत खुडलेले फुटवे
सावळजला सगळे शेळ्यांपुढे टाकतात.
यंदा ह्यांनी पाटीभर पानं घरी आणली,
फवारा बसायच्या आधीची,
आणि मिठाच्या पाण्यातून उकळून काढली.

बावीस वर्षं ग्रीक जहाजाचा भटारखाना.
रोमानियाच्या योनेल आचाऱ्याच्या हाताखाली
जे शिकले ते सगळं आता माझ्या ओट्यावर.
इंद्रायणी तांदूळ, शेपू, लिंबू.
पानाची शीर वर, गुळगुळीत अंग खाली,
देठाकडनं दुमडत बोटाएवढा दोल्मा.
"सैल वळ, भात फुगतो," मला सांगतात.
मला!

मक्याचं पीठ घोटून घोटून
परातीत उपडं केलं, दोऱ्यानं कापलं.
म्हणाले, मामालिगा.
सासूबाई म्हणाल्या, कण्या की रं ह्या,
बहात्तरला रोज खाल्ल्या.
आणि ताक मागितलं.

सव्वीस जणांचं मीठ ह्यांना अजून पाठ आहे.
कोणाला अळणी लागतं, कोण न चाखताच वरून घेतो,
कप्तान लिंबू किती पिळायचा.
दोल्म्यांवर ताटली उपडी दाबताना
हळूच विचारलं,
"प्रणोती तिखट किती खाते गं?"

ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.

मी कांदालसूण चटणीची बरणी काढली.
झाकण गच्च बसलं होतं,
ह्यांच्याच हातात दिली.
"आतल्या खोलीत आहे," म्हटलं,
"तिलाच विचारा."

ओल्या हातानं बरणी धरून
हे बराच वेळ
दारापाशी उभे होते.