शनवार तेल्याची आळी

आमच्याकडे ही गोष्ट उशिरा पोचली.
गलबत फुटून नवगावच्या वाळूला लागलेल्यांना
ती ठाऊकच नव्हती म्हणतात:
यरुशलेमच्या मंदिरातलं एका दिवसाचं तेल
आठ दिवस जळलं, ती.
पणजोबा हसाजी घाण्यावर बसून
निम्म्या रेवदंड्याच्या दिव्यांना तेल घालायचे.
शनिवारी बैलाची झापडं सोडून
त्याला चिंचेखाली बांधायचे.
त्यांना हा चमत्कार कुणी सांगितला असता
तर आधी विचारलं असतं,
खोबरेल की करडई? आणि माप कुणाचं?

यंदा आळीत आमची घरं तीन.
एकाला कुलूप, किल्ली माझ्या कनवटीला.
एकात सिमसोनकाका,
डोळे गेलेत, आशीर्वाद सगळे तोंडपाठ.
दिवे आठ, घरं तीन.
"मग उरलेले आमच्या दारांत ठेव,"
हलव्याची खवलं काढता काढता चांगुणा म्हणाली,
"तुझ्या पणज्याचं तेल
माझ्या आजीनं उधारीवर जाळलंय.
ते अजून चुकतं व्हायचंय."

तर करवंट्या नऊ, काचेनं घासून.
तेल उंडीचं, कडवट वासाचं,
म्हात्र्यांच्या पदूनं वाडीच्या कुंपणाखालची फळं वेचून गाळून आणलं.
वाती बाबांच्या विरलेल्या सदऱ्याच्या.

नववी करवंटी शमाश. चाकर दिवा.
दुसऱ्यांना पेटवायचं, आपला उजेड मोजायचा नाही.
बाबाही शमाशच होते, आमच्या मशिदीचे.
(प्रार्थनाघराला आम्ही मशीदच म्हणतो.
खलफ्यांची ती वेगळी.
पोस्टमन चाळीस वर्षांत एकदाही चुकला नाही.)
झाडलोट, कंदिलाच्या काचा,
आणि दहा पुरुष जमवायला
सायकलवरून पार नागावपर्यंत.
शेवटी शेवटी सात व्हायचे.
बाबा तरीही दहा खुर्च्या पुसायचे.

पहिल्या रात्री माझं दार.
दुसऱ्या रात्री कुलूप काढलं, कोळिष्टकं काढली,
उंबऱ्यावर करवंटी ठेवली,
घरात माणूस आल्यासारखं वाटलं.
तिसऱ्या रात्री काकांनी हात ज्योतीजवळ नेला,
म्हणाले, हं, लागला.
चौथा दिवा म्हात्र्यांकडे. मार्गशीर्षातला गुरुवार,
वहिनींनी कलशाला हार घालता घालता
माझ्या दिव्यालाही एक झेंडू वाहिला.
मी काही बोलले नाही.
काका असते तर बोलले असते, पण त्यांना दिसत नाही.
शुक्रवारी मगरिबच्या अजानीआधीच
रुकय्या खलफे दारात उभी:
"लवकर लाव गं, सूर्य चाललाय, तुझा शब्बाथ लागेल."
शनिवारी तारे दिसेपर्यंत थांबलो.
अवस होती, तारे मुबलक.
उधाणाच्या ओहोटीनं खाडी पार आत गेलेली,
होड्या चिखलात कुशीवर निजलेल्या.

सातव्या रात्री घारगे तळले.
कढई म्हात्र्यांची, भोपळा खलफ्यांचा,
तेलाचा हिशोब कुणी धरला नाही.

आठवा दिवा चांगुणाच्या दारात, बंदराच्या तोंडाशी.
रीतीनं नवा दिवा आधी,
मग मागे मागे आपल्या घराकडे.
मी लावला. वाऱ्यानं विझवला.
पुन्हा. पुन्हा विझवला.
काका ओट्यावरून ओरडले,
"एकदा लागला की लागला! विझला तरी तो लावलेलाच!"
नियम तसाच आहे.
चांगुणाला नियमाशी काय घेणं.
तिनं मासळीची पाटी आडवी धरली,
स्वतः पाटीमागे उकिडवी बसली,
आणि म्हणाली, "आता लाव."

पहाटे तिचा नवरा डोलीवरून परतला.
जाळं झाडत विचारत होता,
"काल अंधार पडताना आळीत काय होतं?
आम्ही बाहेर पडत होतो. मी दिवे मोजले.
आठ जागच्या जागी,
आणि एक चालत होता,
दर दारापाशी थोडा थांबत.
सायकलवर होता का कुणी?"

"नाही," मी म्हटलं,
"पायीच होते मी."

आणि घरात येऊन
नववी करवंटी पाहिली.
तळाशी अजून बोटभर तेल होतं.